वेल उचलायचे राहिले

ता. १९, रविवार

ताई,

साक्ष, साक्ष, साक्ष. तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हीत हे एकच तुणतुणं. "तू परसात होतास, तू बघितलंस, कोर्टात येऊन दोन वाक्यं बोललास तर जीभ झिजेल का तुझी?" जीभ नाही झिजत, नोकरी झिजते. इथं माणूस एक दिवस दिसला नाही की मुकादम त्याच्या घणाला दुसरा माणूस लावतो. आणि भित्रा कुणाला म्हणतेस गं? मी तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर उभा राहतो आणि तीच भिंत पायाखालून फोडत खाली येतो. तू एकदा स्टुलावर चढून दिवा बदलताना मला पाय धरायला लावले होतेस. भित्रा म्हणे.

बरं, नमस्कार राहिला. नमस्कार. मी इकडे ठीक, तू तिकडे ठीक असशील. अक्षराला हसू नकोस. चौथीत सुटलेल्या शाळेचं अक्षर आहे.

साक्षीचं एकदाच लिहितो आणि मग पुन्हा विचारू नकोस. मी काय बघितलं? सगळ्यांनी बघितलं तेच. आपल्या बापाचा हात लगेच उठतो, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत. आदल्या दिवशी परसात उभं राहून तो ओरडत होता, "हात तोडीन, हात तोडीन," ते चार घरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे सुतारकाका कुंपणापलीकडे रक्तात पडलेले, उजव्या हाताची तीन बोटं गेलेली, आणि बाप कुदळ घेऊन त्यांच्या डोक्याशी उभा. तू त्यांच्याच कारखान्यात पॉलिश करत होतीस, ओरडा ऐकून पहिली तूच धावलीस, पॉलिशच्या फडक्यात तूच त्यांचा हात बांधलास. माझ्यापेक्षा जास्त तूच बघितलंस. मग माझी साक्ष कशाला? मेलेल्या सापाला आणखी किती काठ्या घालायच्या?

आता दुसरं काही लिहितो.

पाडकामाला लागल्याला सात महिने झाले. त्याआधी भट्टीवर होतो, तिथं पटलं नाही. त्याआधी ट्रकवर क्लीनर, तिथं ड्रायव्हरशी हाणामारी झाली. त्याआधी एका खाणावळीत ताटं धुतली, ते तर ताटांशीच पटलं नाही. पण इथं टिकलोय. लोक राहून गेलेली घरं आम्ही पाडतो. भिंतीला नेमकं कुठं मारलं की ती गुडघे टेकते ते मला आता हात लावला की कळतं. आठवड्याला कुणाचं तरी काहीतरी मोडतं. गेल्या महिन्यात एकाच्या पावलावर जिन्याची पायरी पडली, बूट कापून काढला तेव्हा आत पाय कुठला आणि बूट कुठला ते कळेना. मुकादम म्हणाला, "पाणी मारा आणि कामाला लागा." आम्ही पाणी मारलं आणि कामाला लागलो. तरी मला हे काम आवडतं. खोटं कशाला बोलू? दिवसभर मारतो, आणि मारायची मजुरी मिळते.

जेवतोस का, काय जेवतोस, असं विचारलं होतंस. जेवतो. आणि ऐकून हसशील, मी रताळी लावली आहेत.

एक घर पाडताना मागच्या अंगणात वेल सापडला. मालक जाऊन वर्ष झालं असेल, वेल मात्र नाल्यापर्यंत पोचलेला. मी चार-चार डोळ्यांचे तुकडे कापून खिशात घातले. आमच्या पत्र्याच्या खोल्यांमागे चार फाटक्या सिमेंटच्या गोणी होत्या, त्यात माती, विटांची भुकटी आणि जरासं शेणखत भरलं आणि तुकडे आडवे दाबले. मुकादम बघून म्हणाला, "सिमेंटच्या गोणीत रताळी? चार महिन्यांनी स्लॅब निघेल." सगळे हसले. मीही हसलो. शेणखत जास्त घातलं नाही, नाहीतर नुसता पाला होतो, हे बापानं शिकवलेलं. कसं शिकवलं ते तुला माहीत आहे, माझ्या डाव्या कानाला अजून माहीत आहे.

आणि दर आठ दिवसांनी वेल उचलतो. हातानं धरून जमिनीपासून सोडवतो, पेरापेराला फुटलेल्या मुळ्या तोडतो आणि वेल परत गोणीवर टाकतो. नाहीतर वेल जिथं टेकेल तिथं मूळ धरतो आणि मूळ गड्ड्यात काहीच पोसत नाही. इथं कुणी मागे काठी घेऊन उभं नाही, तरी चुकवत नाही. एकदाही नाही.

मुकादम हाक मारतोय. ट्रक भरायचाय. रविवार पण यांच्या बापाचा.


बुधवार

वरचं फाडत नाही. तुला कळू दे की मी किती सफाईनं लिहितो.

उजवा हात सुजलाय, म्हणून अक्षर आणखी वाकडं येईल. सोमवारी मारामारी केली. आमच्यात एक आहे, त्याला सगळे बोका म्हणतात, कारण झाकलेलं काही त्याला बघवत नाही. कुणाचा डबा उघड, कुणाची पेटी उघड. सोमवारी मी कामावरून आलो तर बोका माझ्या गोणीपाशी बसलेला. एक वेल मुळासकट उपटून हातात धरलेला, आणि मुळाशी अंगठ्याएवढी तीन रताळी लोंबत होती. लालसर. अजून दीड महिना हवा होता त्यांना.

"बघत होतो रे," तो म्हणाला, "स्लॅब आला का."

मी त्याला केसांना धरलं आणि तोंड भिंतीवर आपटलं. एकदा. मग आणखी एकदा. त्याचे पुढचे दोन दात भिंतीलाच राहिले. तो खाली बसला तेव्हा मी त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि बाजूला फावडं उभं होतं ते उचललं. चौघांनी धरलं मला. एकाच्या हाताला मी चावलोसुद्धा, आता लाज वाटते. बोका तोंडातलं रक्त पुसत होता, आणि हसत होता तो, खरंच हसत होता. म्हणाला, "अरे, रताळ्यासाठी माणूस मारतोस? मग माणसासाठी काय करशील?"

फावडं माझ्या हातातून कुणी काढून घेतलं नाही, ताई. ते मी खाली टाकलं.

तुझं चौथं पत्र काल मिळालं. त्यात साक्षीचं काही नव्हतं म्हणून आधी बरं वाटलं. मग वाचलं. सुतारकाकांच्या दोन मेहुण्यांनी जामिनावर असलेल्या बाबांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं. फळीनं मारलं. दोन बरगड्या, एक कान अर्धा लोंबकळत. फळी मोडली तेव्हा दुसरी आणायला एक जण घरात गेला आणि तोवर दुसरा बुटांनी तुडवत होता. तू लिहिलंस, "लोक सांगतात, बापानं हात वर केला नाही. तोंडसुद्धा झाकलं नाही. केलेलं पाप आठवलं असेल. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, तूच सांग."

सांगतो.

बाबांनी हात वर केला नाही. आपल्या बाबांनी. गोदामात आपल्यापेक्षा दीडपट हमालाला ज्यांनी पोत्यावर उताणा घातला होता त्यांनी. आई गेली त्या दिवशी डॉक्टरची कॉलर धरली होती त्यांनी. ते दोन सुतारपोरांपुढे फळी मोडेपर्यंत उभे राहिले. का उभे राहिले ते गल्लीत कुणाला माहीत नाही. त्यांना आहे आणि मला आहे.

आता मधेमधे थांबू नकोस, एका दमात वाच, कारण मी पण एका दमात लिहितोय.

वेल उचलायचं काम माझं होतं. आई होती तोवर ती करायची, मग ते माझ्याकडे आलं. मी त्या वर्षी केलं नाही. एकदाही नाही. दर वेळी उचलले असं सांगायचो आणि नदीवर जाऊन बसायचो. त्यामुळे वेल कुंपणाखालून पलीकडे गेले आणि सुतारकाकांच्या जागेत जाऊन मुळं धरली. तिथं वर्षानुवर्षं लाकडाचा भुसा कुजून माती कशी लोण्यासारखी झालेली, तुला माहीत आहे. काढणीच्या दिवशी बाबांनी आपले आठ वरंबे खणले. आठातून काय निघालं? बोटभर मुळ्या. शेवटचा वरंबा खणून झाल्यावर ते कुंपणापाशी गेले, वाकून वेल बघितला आणि त्यांना कळलं.

त्यांनी तोच वेल ओढून काढला, दुहेरी केला आणि माझा शर्ट वर केला. किती मारले ते मोजले नाहीत. वेलाचा चीक पाठीवर उडत होता, तो नंतर काळा पडला, तू विचारलं होतंस हे डाग कसले, मी म्हणालो होतो वंगण. "पुन्हा खोटं बोललास तर हात तोडीन. हात तोडीन तुझा." ते हे मला म्हणत होते, ताई. सुतारकाकांना नाही. गल्लीनं नुसतं हात तोडीन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोन अधिक दोन चार केले.

सुतारकाकांशी त्यांचं भांडण नव्हतंच. कुंपण घातलं तेव्हाच दोघांचं ठरलं होतं की ज्याच्या मातीत मूळ, त्याचा माल. बाबा शब्दाला पक्के. मला मारून झाल्यावर कुंपणावरून स्वतः म्हणाले होते, "सुतार, उद्या खणून घ्या तुमची." आणि काका म्हणाले होते, "घेतो. पण तुम्ही आता पुरे करा हो. पोरगा आहे तो, पायपुसणं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खणायला बसले. बाबा गोदामावर, तू कारखान्यात. मी कुंपणापाशी. ते कुदळ जरा लांब ठेवून हातानं माती उकरत होते, सालीला धक्का नको म्हणून. एकेक असं निघत होतं की दोन हातांत मावेना. त्यांनी मला बघितलं आणि एक वर धरलं.

"बघ रे रताळ्या, तुझा आळस माझ्याकडे केवढा पोसलाय!" आणि हसले. मग हसणं थांबवून, हळू आवाजात, "ये इकडे. ही चार मोठी घेऊन जा. तूच काढलीस म्हणून सांग आणि बापाच्या पुढे ठेव. तेवढाच हात थांबेल त्याचा."

एवढंच. यात शिवी नाही, टोमणा नाही. माझ्यावर दया केली त्यांनी. मारणारा माणूस मला सहन व्हायचा, त्याची सवय होती. दया करणारा सहन झाला नाही. काल माझी पाठ त्यांनी बघितली होती, मी ओरडलेलं ऐकलं होतं, आणि आज मला रताळी देत होते, जसं कुणी लंगड्याला काठी देतं.

मी कुंपण ओलांडलं. त्यांना वाटलं घ्यायला आलो. ते परत वाकले आणि हात मातीत घातला. मी त्यांचीच कुदळ उचलली आणि दांडा मानेवर घातला. ते पालथे पडले, तोंड मातीत. उजवा हात तसाच खळग्यात, रताळ्यावर ठेवलेला.

दांडा मी रागात घातला. तिथं थांबलो असतो तर आज मी वेगळं पत्र लिहीत असतो. पण मी कुदळ हातात फिरवली, आणि कोणता हात आहे ते बघितलं. उजवा आहे, रंधा धरायचा आहे, हे बघितलं. मग मारलं. बघून मारलं, ताई. आवाज झाला तो रताळ्यावर चुकून कुदळ बसते तसाच, ओला, जाड. खळग्यात पांढरा चीक आणि लाल रक्त एकत्र झालं आणि बोटं त्यात पडलेली, मातीनं भरलेली, कोणतं बोट आणि कोणतं मूळ ते कळत नव्हतं. मग ते ओरडले.

बाबा मागच्या दारानं आले होते. दुपारची गाडी आली नव्हती म्हणून लवकर सुटले होते, खांद्यावर पोती ओढायचा आकडा तसाच. ते किती वेळ उभे होते माहीत नाही. त्यांनी कुंपण ओलांडलं, माझ्या हातातून कुदळ घेतली, आणि मला दोन कानाखाली दिल्या. मग म्हणाले, "हे मी केलं. तू इथं नव्हतास."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"आजवर तुझ्या हातून एक काम धड झालं नाही," ते म्हणाले. "तोंड बंद ठेवायचं तेवढं तरी धड कर. नाक्यावर माझ्या ओळखीचा ट्रक उभा आहे, त्यात बस. पळू नकोस, चालत जा."

मी चालत गेलो. काकांनी मान वर केली तेव्हा त्यांना कुदळ घेतलेले बाबा दिसले. त्याआधी कुंपणापाशी कोण उभं होतं ते त्यांना विचार. त्यांना मी आठवत असेन, पण माझ्यावर संशय आला नसेल. ज्याला आत्ता रताळी देऊ केली तो मारील असं कुणाच्या मनात येईल?

पहिले काही महिने मला बाबांचा रागच आला. वाटायचं, हेसुद्धा माझ्याकडून हिसकावून घेतलं, जसा पतंग हिसकावला, शाळा हिसकावली. वाटायचं, त्यांना हे कधीतरी करायचंच होतं, मी आधी केलं एवढंच, भोगू दे. तू पत्रात त्यांना शिव्या घालायचीस ते मी दोन-दोनदा वाचायचो. तू त्यांच्याशी वर्षभर बोलली नाहीस, ताट पुढे सरकवतेस आणि उठून जातेस, हे वाचून मला बरं वाटायचं. बरं वाटायचं हे लिहून ठेवतो, नंतर मी नाही म्हणेन.

आणि याच्यामुळे बाबा चांगले झाले असं मी म्हणत नाही. माझा कान त्यांनीच फोडला. तुझ्या मनगटाचं हाड अजून वर आलेलं आहे, ते जिन्यावरून पडून आलेलं नाही, हे आपल्या दोघांना माहीत आहे. जे त्यांनी केलं ते त्यांच्या नावावर राहू दे. पण हे त्यांनी केलेलं नाही. हे माझं आहे, आणि त्यासाठी दुसऱ्यानं फळीनं बरगड्या मोडून घेतलेल्या मला नकोत.

तर आता काय करायचं ते सांगतो. हे पत्र आधी सुतारकाकांकडे ने. कारखान्यात नाही, घरी, काकू असताना, आणि ते दोघे मेहुणे पण असू देत. तू वाच, कारण काकांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि माझं अक्षर चष्मा लावूनही कुणाला लागत नाही. "उजवा आहे हे बघितलं" तिथं आवाज खाली करू नकोस. ते काय म्हणतात ते मला कळवू नकोस. मी येईन तेव्हा त्यांनीच म्हणावं. त्यानंतर पत्र वकिलाकडे दे.

बाबांना मात्र आधी दाखवू नकोस. ते फाडतील. मला माहीत आहे, चुलीत घालतील आणि तुझ्यावर हात उगारतील. वकिलाच्या हातात पडल्यावर सांग. आणि सांगताना समोर बसून सांग. ताट सरकवून उठून जाऊ नकोस.

कोर्टाची तारीख पुढच्या महिन्याची सत्तावीस लिहिली आहेस. मी सव्वीसला पोचतो. साक्षीला नाही, जिथं बाबांना उभं करतात तिथं उभं राहायला. आज मुकादमाला सांगितलं की माझ्या घणाला दुसरा माणूस बघा. तो म्हणाला, "कुणाचं लग्न आहे का?" म्हटलं, "माझंच." तो हसला. बोक्यानं मात्र हसू दाबलं, त्याचे ओठ अजून शिवलेले आहेत. उरलेल्या तीन गोणी मी त्याला दिल्या. दर आठ दिवसांनी वेल उचलायला शिकवलंय. "विसरलो तर?" म्हणाला. म्हटलं, "विसरलास तर रताळी बारीक येतील, दुसरं काही होणार नाही."

तू मला भित्रा म्हणालीस ते बरोबर होतं. पण ज्या गोष्टीसाठी म्हणालीस तिच्यासाठी नाही.

सुतारकाकांचा हात तोडणारा,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. काकांना हातानं काम होत नाही म्हणून कारखाना बंद ठेवावा लागतो असं तू दुसऱ्या पत्रात लिहिलं होतंस, तेव्हा मी उत्तरच दिलं नव्हतं. हे त्यांच्या हातात दे, नाही म्हणाले तर काकूंच्या. माझ्या तिकिटापुरते ठेवून घेतले. पाच हजार तीनशे पाठवतोय.